मॅडमची पाठ

आत्याचं घड्याळ नेहमी पुढे धावायचं आणि आत्याला त्याचं भारी कौतुक होतं. "मागे पडण्यापेक्षा पुढे असलेलं बरं," असं ती येता-जाता म्हणायची. याच एका तत्त्वावर तिने भाचीला लहानपणी नाचाच्या पहिल्या रांगेत उभं केलं होतं, आणि त्याच तत्त्वावर आज भाची सिनेमाची नायिका झाली होती. पण त्या दिवशी घड्याळाने जरा अतिच केलं. दोघी तालमीच्या हॉलवर पोचल्या तेव्हा खालचं शटर अर्धंच उघडलेलं होतं.

"तू हो पुढे, मी गाडी नीट लावून घेते," आत्या म्हणाली.

म्हणून ती एकटीच जिना चढली. तोंडाला रंग नाही, पावडर नाही, केस कसेबसे वर बांधलेले आणि अंगात आत्याचाच जुना ढगळ स्वेटर. बाहेर सकाळपासून पावसाची भुरभुर चालली होती, त्यामुळे चपला पायऱ्यांवर चुबुक चुबुक वाजत होत्या. सेटवर तिला सगळे 'मॅडम' म्हणायचे, पण या अवतारात तिला मॅडम म्हणायला फार मोठं मन लागलं असतं.

हॉलच्या दारात ती थबकली. आत एक उंचच उंच माणूस उभ्या पंख्याबरोबर नाचत होता.

पंखा बंद होता, हे एक बरं. त्याची मान हलक्या हाताने धरून तो त्याला गिरकी द्यायचा, थांबायचा, आणि अगदी काळजीने विचारायचा, "लागलं नाही ना?"

तिला खुदकन हसू आलं. त्याने दचकून पंखा सोडला, पंखा डुलला, त्याने तो पुन्हा धरला.

"अहो ताई," तो म्हणाला, "हॉल दिवसभर बुक आहे. कपडेपट खालच्या मजल्यावर."

ताई! जिच्या चेहऱ्याची पोस्टरं रस्त्यारस्त्यावर लागली होती, तिला हा बाबा खुशाल ताई म्हणून कपडेपटात पाठवत होता. तिला राग यायला हवा होता, पण आली ती गंमत.

"बरं हं, दादा," ती म्हणाली, आणि खरंच वळून जिन्याकडे निघाली.

पहिली पायरी उतरली नसेल तोच मागे धाडकन काहीतरी पडलं.

"म… मॅडम?"

तिने मागे पाहिलं. पंखा आडवा, आणि तो माणूस उभ्याउभ्या पांढरा पडलेला.

"काय हो, तोंड बघून ओळखलं नाहीत आणि जाताना बरं ओळखलंत?"

"नाही… म्हणजे हो… म्हणजे तुम्ही वळलात ना, म्हणून—"

असलं अर्धवट उत्तर! तिने तेव्हा त्याकडे लक्षच दिलं नाही. लक्ष दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. तेव्हा झालं ते ठीकच झालं म्हणायचं.

तो तिचा नवा नायक होता. म्हणजे अजून व्हायचा होता. कालपरवापर्यंत तो नाचणाऱ्या मुलांच्या ताफ्यात शेवटच्या रांगेत असायचा. उंची अशी की पुढे उभा केला तर मागचे सगळे झाकले जायचे, म्हणून कायमचा मागे, आणि ताफ्यात नाव पडलेलं जिराफ. दिग्दर्शकाला नवा चेहरा हवा होता. त्याची नजर या चेहऱ्यावर गेली आणि याचं नशीब फळफळलं. पण एक अट होती. नायक मॅडमना पसंत पडायला हवा. तिने 'हो' म्हटलं की हा नायक, 'नाही' म्हटलं की जिराफ पुन्हा आपल्या रांगेत. हे तिला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं आणि चहा आणणाऱ्यालासुद्धा ठाऊक होतं.

गाणं स्वप्नातलं होतं. सिनेमातली मुलगी दिवसभर सगळ्यांवर हुकूम गाजवते आणि रात्री स्वप्नात मात्र कुणीतरी हात धरून तिला नेतं. धुकं, हलणारे पांढरे पडदे आणि दोघंच. नाच बसवणाऱ्या मास्तरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "या गाण्यात न्यायचं त्याने आणि जायचं तिने. एवढं जमवा, बाकी मी बघतो."

नेमकं तेवढंच जमेना.

तो तिच्या कमरेला हात लावायचा तो दुसऱ्याच्या घरची काचेची बरणी उचलल्यासारखा. आणि तो तिला उजवीकडे नेणार, तोवर ही उजवीकडे जाऊन परतही यायची.

"मॅडम, तुम्ही त्याला नेताय," मास्तर म्हणाले.

"मग तो नेत नाही तर मी काय करू? बसची वाट बघितल्यासारखी उभी राहू?"

"आणि तू रे? ताल कुठे ठेवून आलास? घरी?"

त्यात गाण्याची ओळ आली. गाणं वाजत होतं, 'ये ना, अशी तू दूर का…' आणि त्याने नुसते ओठ हलवायचे होते. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"ओठ का जुळत नाहीत तुझे? काय म्हणतोयस तू नक्की?"

तो बुटांकडे बघत राहिला. पण त्याचे ओठ तिच्यापासून वीतभर अंतरावर होते, तिला सगळं कळलं होतं.

"सांगू मास्तर?" ती म्हणाली. "हे मला म्हणताहेत, 'या ना, अशा तुम्ही दूर का'."

हॉलमध्ये हशा पिकला. कोपऱ्यात विणत बसलेल्या आत्याचासुद्धा टाका सुटला.

"अरे गाढवा, प्रेयसी आहे ती तुझी, सासूबाई नाही!"

"चुकून होतंय, मास्तर," तो पुटपुटला. "तोंडात 'तू' येतच नाही."

दिग्दर्शक हसला नाही. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या शूटिंग. सेट लागलाय. सकाळी मला हो की नाही ते सांगा. दुसरा नायक तयार ठेवलाय मी." बाजूला घेऊन म्हणाला खरा, पण आवाज काही बाजूला ठेवला नव्हता. समोर जिराफ वाकून बुटाची नाडी बांधत होता आणि ती नाडी काही केल्या बांधून होत नव्हती.

"नाही म्हण आणि मोकळी हो," आत्याने सुयांवरची नजर न काढता सांगितलं. "हे काय गाणं आहे की शिकवणी?"

खरं तर तीही 'नाही'च म्हणणार होती. पण एका बारीकशा गोष्टीपाशी मन अडकत होतं. आजवर तिचा हात पुष्कळांनी धरला होता. सगळे घट्ट धरायचे, कॅमेऱ्याला दिसेलसा, आणि शॉट संपला की बाजारातून आणलेली पिशवी टाकावी तसा टाकून द्यायचे. हा मात्र, मास्तर 'थांबा' म्हणाले की तिचा हात सोडायचा नाही. तो अलगद खाली न्यायचा आणि जिथून घेतला तिथे ठेवून द्यायचा. हात ठेवायचा असतो, हे तिला माहीतच नव्हतं. दर वेळी तिचं मन त्या ठेवण्याची वाट बघत होतं आणि ते तिला मुळीच आवडत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती चहाचा कप घेऊन दाराशी आली. आत ताफ्यातली मुलं-मुली दुसऱ्याच एका गाण्याची उजळणी करत होती आणि सवयीने तोही शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता. तो नाचत होता. ती बघतच राहिली. अंग कसं पाण्यासारखं वाहत होतं! हाच तो? सकाळी पंख्याला शोभला नसता तो?

गाणं संपल्यावर तिने त्याला जिन्यातल्या खिडकीपाशी गाठलं. बाहेर पत्र्यावर पाऊस टपटपत होता.

"तुला नाचता येतं," ती म्हणाली. 'तुम्ही' तिच्याकडून आपोआप गळून पडलं.

"थोडंफार."

"मग माझ्याबरोबर काय होतं? चावते का मी?"

"नाही."

"मग घाबरतोस?"

"ते तर आहेच. पण त्याने ताल नाही चुकत. घाबरत तर मी कितीतरी वर्षं नाचतोय."

"मग?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "हसणार नाही ना?"

"ते आधीच कसं सांगू?"

"मॅडम, मी इतकी वर्षं तुमच्या मागे नाचलो. शेवटच्या रांगेतून मास्तर दिसत नाहीत. आरशावर तर ते कायम पडदाच टाकून ठेवतात, माणूस स्वतःकडेच बघत बसतो म्हणून. मग ताल घ्यायचा कुठून? मी तो तुमच्या पाठीवरून घ्यायचो. गिरकीच्या आधी तुमचा डावा खांदा किंचित खाली जातो. थांबायच्या आधी मान सरळ होते. दमलात की उजवी कोपर अंगाला चिकटते…" तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "मला तुमची पाठ पाठ आहे."

आणि आपण काय बोललो ते कळून त्याचे कान लाल झाले.

ती हसली. मनापासून, चहा सांडेपर्यंत हसली. "म्हणून सकाळी तोंड ओळखलं नाहीस!"

"तोंड इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. आणि आता तुम्ही एकदम समोर. समोरून काही कळतच नाही. म्हणजे… दिसतं फार, कळत काही नाही."

"फार म्हणजे काय दिसतं?"

"ताल सोडून सगळं."

अगं बाई! हे असलं उत्तर देणारा माणूस सासूबाईंशी बोलल्यासारखा नाचतो? तिने चहाचा उरलेला घोट उगाचच सावकाश घेतला.

"पाठीवरून अजून काय काय कळतं?"

"नको, मॅडम."

"सांग म्हणते ना."

"कंदिलांचं गाणं होतं बघा, वरातीचं. लाल कंदील, तुम्ही मधोमध, सगळ्यांत जास्त हसत होता म्हणे. मला हसू दिसत नव्हतं. पण त्या दिवशी गिरकी नसतानाही तुमचा डावा खांदा खाली होता. सबंध गाणंभर." तो हळू आवाजात म्हणाला, "तुमची पाठ रडत होती."

तिच्या हातातला कप तसाच राहिला.

त्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. सुट्टी मिळाली नव्हती. खोट्या वरातीत नाचताना तिने डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, कारण रंग उतरला असता आणि शंभर माणसं खोळंबली असती. हे कुणालाही कळलं नव्हतं. आत्याला नाही, कॅमेऱ्याला नाही, कुणालाच नाही.

"त्या दिवशी शूटिंग मध्येच थांबलं होतं," ती आठवत म्हणाली. "मागे कुणीतरी पडलं होतं. पाय मुरगळला होता कुणाचा तरी."

"हो."

"मास्तर किती ओरडले होते त्याच्यावर!"

"हो, खूप ओरडले."

"तेवढ्या वेळात मी बहिणीला फोन केला. पोटभर रडून घेतलं, तोंड धुतलं…" बोलता बोलता ती थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा बुटांकडे बघत होता.

"तो पाय मुरगळला नव्हता," ती म्हणाली.

"मला वाटलं, निदान पाणी तरी प्याल."

पत्र्यावरचा पाऊस एकदम फार मोठ्याने वाजायला लागला, का तिलाच तसं वाटलं कोण जाणे. जन्मभर ती पुढे उभी होती. मागे वळून पाहिलं तर तिथे कुणीच नसेल, ही भीती तिने कुणाला कधी सांगितली नव्हती. आणि इतकी वर्षं तिथे हा होता.

"चल," तिने कप खिडकीत ठेवला.

हॉल रिकामा झाला होता. तिने सरळ जाऊन आरशावरचा पडदा ओढून काढला.

"मास्तर ओरडतील!"

"मला? बघूच." ती आरशासमोर, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. "घे. पाठही समोर आहे आणि तोंडही. आता सबब सांगू नकोस. गाणं गुणगुण."

तो गुणगुणायला लागला. त्याचा श्वास तिच्या मानेवरच्या सुट्या केसांना लागत होता. तिचा डावा खांदा खाली गेला आणि त्याच क्षणी तो वळला. एकदाही चुकला नाही. पुन्हा खांदा, पुन्हा गिरकी. मग केव्हातरी तिचा खांदा हलायच्या आधीच त्याचा हात हलला. न्यायला लागला. आणि ती… गेली. आपण गेलो, हे तिला गिरकी संपल्यावर कळलं.

आरशात दोघांची नजर भेटली.

"आता ओळ म्हण."

"ये ना…" तो म्हणाला. "अशी…" आणि पुढे गाडी अडली.

तिला एवढं उधाण आलं होतं की तिने मागचापुढचा विचार न करता विचारून टाकलं, "मी तुला आवडते का रे?"

तिचा हात त्याच्या हातात होता. त्याने तो हात खाली नेला, जिथून घेतला होता तिथे ठेवला, आणि एक पाऊल मागे झाला.

"हे आज नका विचारू, मॅडम."

"का?"

"उद्या सकाळी तुम्ही माझ्याबद्दल हो की नाही सांगणार. आज मी काहीही म्हटलं, तरी ते पोटासाठी म्हटल्यासारखं होईल. तुम्हाला तसं वाटेल आणि… मलाही वाटेल."

आजवर कुठल्या नायकाने तिला नाही म्हटलं नव्हतं. राग नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. "बरं," म्हणून तिने पडदा ओढला आणि खाडखाड जिना उतरून गेली. पण खरं सांगायचं तर तिला त्याचा राग आलाच नव्हता. तो म्हणाला ते अगदी बरोबर होतं, याचाच राग आला होता.

संध्याकाळी घरी आत्या तिच्या केसांतल्या पिना काढत बसली होती.

"आत्या, माणूस खरं बोलतोय हे कसं ओळखायचं?"

"ज्याला आपल्याकडून काही नको असतं ना, तो खरं बोलतो."

"आणि ज्याला हवं असतं त्याचं काय?"

"त्याला ते आधी देऊन टाकायचं. मग काय बोलतो ते बघायचं." आत्याने एक पिन दातात धरली. "बहुतेक जण काहीच बोलत नाहीत, ठके. मिळालं की चालायला लागतात. पण एवढ्या चौकशा कशाला? कुणी काही मागितलं का?"

"नाही," ठकी म्हणाली. घरात तिचं तेच नाव होतं. "तेच तर ना. काही मागतच नाही."

आत्याने आरशातून तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

सकाळी सेटवर पाऊल ठेवताच ती दिग्दर्शकाकडे गेली. "माझं हो आहे."

"नक्की? मागाहून बदलायचं नाही हं."

"बदलायचा हक्कसुद्धा नको मला. आत्ताच सगळ्यांसमोर सांगून टाका."

दिग्दर्शकाने टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं. ताफ्यातल्या मुलांनी जिराफाला उचलायचा प्रयत्न केला, पण तो अर्धाच उचलला गेला. हसण्याच्या त्या गोंधळात त्याने मान वर करून तिला शोधलं. तोवर ती वळून रंगपटाकडे निघाली होती. वळली, कारण त्या क्षणी तिच्या तोंडावर जे होतं ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं. पाठीवर काय होतं, ते तिला काय माहीत!

दुपार झाली. तो आला नाही. एक शब्द नाही, साधं 'आभारी आहे'सुद्धा नाही. रंग लावून घेताना ती दाराकडे बघत होती. मिळालं की चालायला लागतात, आत्या म्हणाली होती. आत्या बहुधा चुकत नसे.

मग धुकं सोडलं. पांढरे पडदे हलायला लागले, निळा उजेड उतरला आणि जमीन दिसेनाशी झाली. मास्तरांनी रात्रीतून सुरुवात बदलली होती. आरशावरचा पडदा भलत्याच बाजूला ओढलेला पाहून त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं असावं. आता गाण्याच्या सुरुवातीला ती पाठमोरी होती आणि तो मागून येत होता.

आत्या धुराने खोकत होती. गाणं सुरू झालं. ती उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा मागे कोण आहे ते तिला ठाऊक होतं. तो आला. तिच्यावर पडलेल्या उजेडाच्या कडेला येऊन थबकला. शेवटच्या रांगेतल्यांना पहिल्या दिवशीच शिकवतात, मॅडमचा लाईट खायचा नाही.

"खा," ती ओठ न हलवता म्हणाली.

"काय?"

"लाईट. खा माझा. ये आत."

तो आत आला. त्याचा हात तिच्या हाताखाली आला आणि तिने स्वतःला वळू दिलं. आता समोरासमोर. इथेच काल घोडं पेंड खात होतं. तिने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ती कधीच नाचली नव्हती. कधी नाचणार, सगळे तिच्याकडून ताल घेणारे! पण आता ताल त्याच्या तळहातात होता आणि तिथून तिच्या पाठीत येत होता. तो नेत होता. ती जात होती. कुठे पडदे, कुठे कॅमेरा, कुठे आपण, काही कळेना, आणि कळावंसं वाटेनाही. एवढंच कळलं की कुणाच्या तरी भरवशावर चालणं ही किती सुखाची गोष्ट आहे, आणि आपण ती इतक्या उशिरा शिकतोय.

ओळ आली. तिने डोळे उघडले. त्याचे ओठ तिच्यापासून वीतभर दूर होते.

'ये ना, अशी तू दूर का…'

तू. स्वच्छ, पुरता तू. पण गाण्यातला. गाण्यातल्या 'तू'चं काय, तो पडद्यासाठी असतो.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले. आत्या खोकायची थांबली होती. त्याने तिचा हात खाली नेला, हलकेच ठेवला, तोंड उघडलं… आणि माणसांचा लोंढा आला. हार, कॅमेरे, पाठीवर थापा. नवा नायक, नवा नायक! लोंढ्याने त्याला पडद्यांच्या पलीकडे वाहून नेलं. तिने जरा वेळ वाट पाहिली. गर्दीच्या वर त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. उंचीचा तेवढा फायदा.

"चल, ठके," आत्या म्हणाली. "झालं आपलं काम."

झालंच की. द्यायचं ते देऊन झालं होतं. तिने साडीचा पदर सावरला, मान ताठ केली आणि सेटच्या मोठ्या दाराकडे चालायला लागली. डोळ्यांत पाणी नाही, अजिबात नाही. रंग थोडाच उतरू देणार होती ती!

दारापाशी पोचली, आणि मागे धाडकन आवाज झाला.

"अरे पडला! पडला!" "हिरो पडला!" "पाय मुरगळला वाटतं, बर्फ आणा रे बर्फ!"

ती गर्रकन वळली. सगळे बर्फ आणायला दाही दिशांना पळाले होते. उरलेल्या धुक्यात, घोटा धरून, तो एवढा लांबच्या लांब माणूस जमिनीवर बसला होता. गळ्यातला हार कानावर आला होता.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मुरगळला?"

"नाही."

"मग?"

"तुमचा डावा खांदा खाली गेला होता," तो म्हणाला. "आणि पुढे गिरकी नव्हती."

आता मात्र रंग उतरला. उतरू दे, म्हणत ती धुक्यातच त्याच्यासमोर बसली.

"दिवसभर कुठे होतास?"

"दिवसभर पोचू देत नव्हते कुणी. आणि पोचलो असतो तरी समोरून बोलायला जमलं नसतं. पाठ दिसली तेव्हा धीर आला."

"आता माझ्या हातात काही उरलं नाही," ती म्हणाली. "तू नायक झालास. मी तुझं काही वाकडं करू शकत नाही. काल विचारलं होतं ते आता सांग. आणि खरं सांग."

"मॅडम—"

"मॅडम नाही म्हणायचं."

"मग काय, ताई?"

तिने कानावरचा हार ओढून त्याच्या डोक्यावर आपटला. फुलं धुक्यात सांडली. तो हसला, आणि मग हसता हसता गंभीर झाला.

"पाठ तर कधीचीच पाठ आहे," तो म्हणाला. पहिल्यांदाच बुटांकडे न बघता, सरळ तिच्याकडे बघत. "आता… तोंडपाठ करायचंय."

इतके संवाद पाठ केलेली बाई, पण एक धड वाक्य जुळेना. "किती… किती वेळ लागेल?"

"मी ढ आहे गं," तो म्हणाला. "जन्म जाईल. तू शिकवशील?"

गाणं तर कधीच बंद झालं होतं. तरीही तो 'तू' म्हणाला होता. तिने त्याचा हात घेतला आणि यावेळी तो कुठेच ठेवू दिला नाही.

"ठके!" दारातून आत्याची हाक आली. "गाडी दाराशी आणलीये. येतेस ना?"

"आत्या," ती जागची न हलता म्हणाली, "तू हो पुढे. मी मागून येते."

आत्याने एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा त्या धडधाकट घोट्याकडे पाहिलं. मग दारातच उभी राहून तिने मनगटावरचं घड्याळ काढलं, आणि कधी नव्हे ते, काटे सावकाश मागे फिरवले.